काँक्रीटच्या पार्किंगमधले तेलाचे डाग: काढावेत कसे, टाळावेत कसे

पार्किंगच्या फरशीवर तेल सांडले की बहुतेक ठिकाणी आधी पाण्याची नळी आणली जाते आणि मग अ‍ॅसिडची बाटली. या दोन्हींनी डाग जात नाही. पाण्याने तो पसरतो आणि अ‍ॅसिडने त्याखालचे काँक्रीट खराब होते. काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसले तरी त्यात केसाहून बारीक छिद्रांचे जाळे असते. दिव्याची वात जसे तेल ओढून घेते, तशीच ही छिद्रे सांडलेले तेल आत ओढून घेतात. म्हणजे डाग हा वरचा मळ नसून आत मुरलेले तेल असते, आणि ते आत गेले ज्या ओढीने, त्याच ओढीने ते बाहेर आणावे लागते. खाली सांगितलेली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्याकडे गाड्या लावण्याच्या जागा साधारण तीन प्रकारच्या असतात. सोसायटीच्या इमारतीखाली बहुधा ट्रायमिक्स काँक्रीट असते, जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये सिमेंटचा कोबा असतो आणि उघड्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. ट्रायमिक्समधले जास्तीचे पाणी ओढून घेऊन वरचा थर यंत्राने घोटलेला असल्यामुळे त्यात तेल हळू मुरते. भुरभुरीत झालेल्या जुन्या कोब्यात ते पटकन आणि खोल जाते. म्हणून एकच उपाय शेजारच्या सोसायटीत एका खेपेत लागू पडला आणि आपल्याकडे तीन खेपा लागल्या, तर उपायाला दोष देऊ नये.

तेल नुकतेच सांडले असेल तर

पहिल्या तासाभरात जे हाती लागते ते नंतर आठवडाभर घासूनही मिळत नाही, विशेषतः उन्हाळ्यात, कारण तापलेल्या फरशीवर तेल पातळ होऊन लवकर आत उतरते. आधी जुने वर्तमानपत्र किंवा फडके तेलावर नुसते ठेवावे, दाबावे आणि उचलावे. पुसू नये, कारण पुसताना वितभर डागाचा हातभर डाग होतो. साठलेले तेल निघाले की त्यावर मुलतानी माती, लाकडाचा कोरडा भुसा, चाळलेली राख किंवा खडूची पूड यांपैकी जे हाताशी असेल त्याचा बोटभर जाड थर पसरावा. या सगळ्यांत मुलतानी माती मला सर्वांत भरवशाची वाटते. तिचे कण अतिशय बारीक असल्यामुळे त्या फरशीच्या छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि तेल वर ओढतात. काही जण अशा वेळी सुके सिमेंट टाकतात. तेही तेल शोषते, पण फरशी दमट असेल तर ते तिथेच घट्ट होऊन करडा चट्टा उरतो, म्हणून ते टाळलेले बरे.

हा थर रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी झाडून घ्यावा, नवी पूड टाकून जुन्या चपलेच्या तळव्याने हलकेच चोळावी आणि आणखी काही तासांनी पुन्हा झाडावी. पूड कोरडी आणि स्वच्छ रंगाची निघू लागली, म्हणजे सुक्या उपायाने जेवढे निघण्यासारखे होते तेवढे निघाले. पाण्याची वेळ त्यानंतर येते.

धुण्यासाठी एक लिटर कढत पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडे भांडी घासायचे लिक्विड मिसळावे, ते डागावर ओतून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ताठ ब्रशने घासावे. हातमोजे घालावेत, कारण सोडा कातडी कोरडी करतो. इथे एक फरक लक्षात ठेवावा. दिवाळीतल्या पणत्यांचे गोडेतेल किंवा तूप सांडले असेल तर त्याचा सोड्याशी संयोग होऊन थोडा साबणच तयार होतो, त्यामुळे असे डाग बहुधा सोड्यानेच जातात. इंजिन ऑइल मात्र खनिज तेलापासून बनते. त्याचा साबण होत नाही, त्याला बारीक थेंबांत फोडून पाण्यात धरून ठेवण्याचे काम लिक्विडच करते. म्हणून इंजिन ऑइलच्या डागाला लिक्विड वाढवावे आणि मुरण्याचा वेळही वाढवावा, नुसता सोडा वाढवून उपयोग नाही.

मुरलेल्या जुन्या डागासाठी लेप

महिन्यांपूर्वीचा काळा डाग घासून जात नाही. त्यासाठी लेप लावावा लागतो, आणि हाताशी थोडा धीर असेल तर हे काम घरच्या घरी नीट होते. रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची पूड किंवा मुलतानी माती घ्यावी आणि त्याच दुकानातले टर्पेंटाईन थोडे थोडे घालत भिंतीच्या भेगा भरायच्या लांबीइतके (पुट्टीइतके) घट्ट कालवावे. लेप वाहता कामा नये, कारण वाहणारे टर्पेंटाईन डाग विरघळवून बाजूच्या कोऱ्या फरशीत नेते. डागाच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटरपासून सुरुवात करून मध्याकडे येत अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि वर प्लास्टिकचा कागद घालून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात.

पहिले चोवीस तास हे झाकण ठेवायचे असते, म्हणजे टर्पेंटाईन उडून न जाता आत उतरते आणि घट्ट झालेले तेल पातळ करते. नंतर कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. खरे काम या वाळण्यातच होते: वरून टर्पेंटाईन उडत जाते तसतसे खालचे तेल घेऊन ते वर चढते आणि तेल पुडीत अडकून राहते. अनेक जण झाकण काढल्याबरोबर लेप खरवडून टाकतात आणि मग उपाय खोटा ठरवतात. लेप वाळून त्याला भेगा पडू लागल्या की रंगाऱ्याच्या पट्टीने तो उचलावा आणि वर सांगितलेल्या सोड्या-लिक्विडच्या पाण्याने फरशी धुवावी. उचललेली पूड पिवळट-तपकिरी दिसली तर आत अजून तेल आहे असे समजून दुसरा लेप द्यावा. जुन्या कोब्याला तीन लेप लागणे मुळीच नवलाचे नाही.

टर्पेंटाईन पेट घेते, हे मात्र एक क्षणही विसरू नये. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बहुतेक वेळा विजेच्या मीटरची खोली असते, आता विजेच्या गाड्यांचे चार्जिंगही तिथेच चालते. लेप त्यांच्यापासून दूर असावा, जागा मोकळ्या हवेची असावी, लेप वाळेपर्यंत तिथे गाडी सुरू करू नये आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना सूचना लावून ठेवावी. लहान मुले खेळतात अशा जागेत तर दोरी बांधूनच हे काम करावे. डांबरी आवारात हा लेप वापरू नये, कारण टर्पेंटाईन डांबरच विरघळवते. रंगीत काँक्रीट असेल तर आधी कोपऱ्यात लावून पाहावे.

डाग गेला की नाही, हे डोळ्यांनी ठरवणे कठीण असते, कारण धुतलेली जागा आसपासच्या मळक्या फरशीपेक्षा उजळ दिसते. त्यासाठी फरशी वाळल्यावर तिथे पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि तसेच चार थेंब डाग नसलेल्या जागी टाकावेत. दोन्हीकडे पाणी सारखेच जिरले तर काम झाले, आणि डागाच्या जागी थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे.

अ‍ॅसिड का नको

आमच्या सोसायटीत सफाईचे काम घेतलेल्या मंडळींनी एकदा संडास धुण्याचे अ‍ॅसिड डागांवर ओतले. फेस आला, धूर आला, सगळ्यांना वाटले डाग निघत आहेत. फेस येत होता तो सिमेंटमधल्या चुनखडीचा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा तेलावर परिणाम होत नाही, परिणाम होतो तो सिमेंटवर. घोटलेला गुळगुळीत थर निघून जातो, खालची खडी उघडी पडते आणि पुढच्या वेळी सांडलेले तेल तिथे अधिक वेगाने मुरते. आम्हाला त्या जागा वर्षभरात जास्तच काळ्या झालेल्या दिसल्या. शिवाय अ‍ॅसिडच्या वाफांनी जवळच्या दुचाकींचे लोखंडी भाग गंजतात. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंदिस्त पार्किंगमध्ये तो जिवावर बेतू शकतो. सफाई कामगाराच्या हातात ही दोन्ही एकाच दिवशी देऊ नयेत, ही जबाबदारी समितीची आहे.

रॉकेल ओतून घासण्याची जुनी सवयही सोडावी, कारण पुडीशिवाय टाकलेले रॉकेल डाग पातळ करून आणखी खोल नेते. तारेच्या ब्रशचे तुकडे फरशीत अडकून नंतर गंजाचे ठिपके पडतात. प्रेशर वॉशर चालेल, पण आधी लिक्विड मुरवून, आणि पाण्याची धार पंख्यासारखी पसरट ठेवून. पेव्हर ब्लॉकवर तो जपून वापरावा, सांध्यांमधली वाळू निघून गेली की ब्लॉक हलू लागतात. ब्लॉकच्या बाबतीत तर सोपा मार्ग असा की डागाळलेले दोन-चार ब्लॉक उचलून जपून ठेवलेले नवे बसवावेत.

धुतलेले तेलकट पाणी पावसाळी गटारात सोडू नये, कारण ते शुद्धीकरणाशिवाय थेट नाल्यात आणि पुढे नदीत जाते. जाळीच्या तोंडाशी वाळूचे पोते आडवे टाकावे आणि पाणी भुशात किंवा फडक्यांत टिपून घ्यावे. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून गॅरेजमध्येच द्यावे.

डाग पडूच नयेत म्हणून

गाडीखाली रात्री एक मोठा पुठ्ठा घालावा आणि सकाळी थेंब कुठे आणि कोणत्या रंगाचा पडला ते पाहावे. इंजिनाखाली तपकिरी-काळा थेंब असेल तर बहुधा ऑइल फिल्टरचे किंवा झाकणाचे गॅस्केट, नाहीतर तेल सोडण्याच्या बोल्टचा वॉशर गेलेला असतो. हा वॉशर तेल बदलताना नवा घालून घ्यावा, तो अगदी स्वस्त असतो. लालसर थेंब पॉवर स्टिअरिंगचा किंवा ऑटोमॅटिक गिअरचा असू शकतो. हिरवा किंवा गुलाबी थेंब कूलंटचा असतो. कूलंटची चव गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि ते त्यांना विषारी असते, म्हणून ते लगेच भरपूर पाण्याने धुवावे. चाकाजवळ फिकट पिवळसर, पाण्यासारखा पातळ थेंब दिसला तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता असते, आणि अशी गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. एसीचे स्वच्छ पाणी मात्र काळजीचे कारण नाही.

दुचाकींच्या रांगेतले डाग पुष्कळदा चेनच्या तेलाचे असतात. चेनला तेल देताना खाली पुठ्ठा धरावा, जास्तीचे तेल फडक्याने टिपावे आणि मगच गाडी जागेवर लावावी. जुन्या गाडीची गळती लगेच दुरुस्त करणे परवडत नसेल तर इंजिनाखाली पत्र्याचा उथळ ट्रे ठेवून त्यात भुसा घालावा आणि तो महिन्याकाठी बदलावा. घरी येणाऱ्या मेकॅनिकलाही ताडपत्री अंथरल्याशिवाय तेल बदलू देऊ नये.

फरशी स्वच्छ झाल्यावर सीलर, म्हणजे फरशीला संरक्षण देणारे द्रव, लावता येतो. आत मुरणारे सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे सीलर उघड्या आवारात टिकतात, पण साधे सीलर पाणी अडवतात तितके तेल अडवत नाहीत, म्हणून डब्यावर तेलरोधक असल्याचे लिहिलेले आहे का ते पाहून घ्यावे. एपॉक्सीचा, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या राळेचा, थर तेल उत्तम अडवतो, मात्र उन्हात तो पिवळा पडतो, त्यामुळे तो छताखालीच करावा. नव्या काँक्रीटला किमान 28 दिवस होऊ द्यावेत. एपॉक्सीआधी ओल तपासणे आवश्यक आहे: अंदाजे 45 सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून किमान 16 तास ठेवावा, आणि आतल्या बाजूला दव किंवा खाली काळपट ओल दिसली तर काम पुढे ढकलावे. आपल्याकडे ही तपासणी पावसाळ्यात बहुधा फसतेच, म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांत धरावे, आणि सोसायटीचे असेल तर गाड्या हलवण्याची सूचना पंधरा दिवस आधी फलकावर लावावी.