खुनाचा ताळेबंद : छोट्या प्रकाशनासाठी रहस्यकादंबरी लिहिताना

माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकांकडे जाऊन तीन आठवडे झाले होते. फोन आला तेव्हा वाटलं, आता कौतुक होणार. पलीकडून प्रश्न आला, "अहो, तुमची ती कामवाली साडेसहाला ओली छत्री वाळत घालते ना? पाऊस तर सव्वासातला सुरू होतो."

मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. पावती चार तारखेची आणि नोंद तीन तारखेची असली की माझ्या डोळ्यांना ते लगेच खुपतं. आणि माझ्याच पुस्तकातला पाऊण तासाचा घोळ मला दिसला नव्हता. बरं, चूक छत्रीपुरती असती तर एक ओळ खोडून भागलं असतं. पण माझा खुनी, म्हणजे मेलेल्या माणसाचा भाचा, सहा चाळीसला मागच्या दाराने घरात शिरतो आणि तो कोरडाच शिरायला हवा, कारण सगळं रहस्य त्याच्या कोरड्या कोटावर उभं होतं. पाऊस साडेसहालाच लागला असेल तर खेळ खलास. दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

छोट्या प्रकाशनाकडे जाणाऱ्याने पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही. माझं प्रकाशन म्हणजे दोन माणसं. एक जण वाचतो, संपादन करतो, छपाईवाल्याशी भांडतो. दुसऱ्या बाई हिशेब, पार्सलं आणि विक्रेत्यांचे फोन सांभाळतात. तपशील तपासणारा वेगळा, मुद्रितशोधक वेगळा, कायद्याचा सल्लागार वेगळा, असली चैन तिथे नाही. तुमचं पुस्तक एकच माणूस बारकाईने वाचणार. त्याच्या नजरेतून जे निसटेल ते थेट वाचकाच्या हाती पडेल, आणि रहस्यकथांचा वाचक हा जगातला सगळ्यात खडूस हिशेबतपासनीस असतो.

आधी गुन्हा, मग गोष्ट

माझी पद्धत साधी आहे. कादंबरीची पहिली ओळ लिहिण्याआधी मी मोठ्या कागदावर चार रकाने आखते. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात खरोखर काय घडलं. तिसऱ्यात ते कोणाला दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं. चौथ्यात वाचकाला ते कुठल्या पानावर कळतं.

पहिल्या तीन रकान्यांत गोष्ट खुन्याच्या बाजूने, सरळ क्रमाने लिहायची. ६.४० : भाचा मागच्या दाराने आत, कोणी पाहिलं नाही. ६.५५ : खून. ७.१५ : पाऊस. ७.२५ : भाचा आतूनच पुढचं दार उघडतो, बेल वाजवतो आणि आत्ताच आल्यासारखा मामीला हाक मारतो. हे लिहिताना रहस्य वगैरे विसरायचं. आपण पंचनामा लिहितोय असं समजायचं. खुन्याने दहा मिनिटांत जे केलं ते खरंच दहा मिनिटांत होतं का, हे घरातल्या घरात चालून, घड्याळ लावून पाहायचं. मी पाहिलं आहे. घरच्यांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं, त्यांनी दार लावून घेतलं.

चौथा रकाना सगळ्यात शेवटी भरतो आणि खरी कादंबरी तिथेच आहे. तिथे एखादं घर रिकामं राहिलं, तर तपास करणाऱ्याला शेवटी जे कळतं ते वाचकाला कधी दाखवलंच नव्हतं असा त्याचा अर्थ. हिशेबाच्या भाषेत, जमा न करता खर्च टाकला. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेत सुरुवातीलाच यायला हवा. बाकीच्या नियमांतले काही आज हसण्यावारी जातात, हा मात्र अजून पक्का आहे. माझ्यापुरता मी त्याला आकडा लावला आहे : पुस्तकाचा पहिला चौथा भाग संपेपर्यंत खुनी वाचकाला भेटून, दोन वाक्यं बोलून गेलेला हवा.

कोरडा कोट कुठे ठेवायचा

धागा दाखवायचा, पण ताकास तूर लागू द्यायची नाही. हे कसं करायचं ते मला माझ्या संपादकांच्या पेन्सिलीने शिकवलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं :

"त्याने कोट काढला. बाहेर एवढा पाऊस असूनही कोट कोरडा होता."

समासात पेन्सिलीने तीन शब्द होते : दवंडी कशाला पिटताय? आणि खरंच, ते वाक्य वाचून शाळकरी पोरानेही खुनी ओळखला असता. चार वेळा खोडून शेवटी हे उरलं :

"त्याने कोट काढून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टाकला, मामीचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, 'डॉक्टरांना कळवलंत का?'"

वाचकाचं लक्ष हातांकडे जातं आणि त्याहून जास्त प्रश्नाकडे, कारण प्रश्नाला उत्तर लागतं. कोट मागे राहतो. पुढे चाळीस पानांनी तपास करणारा निरीक्षक कंटाळून त्या गठ्ठ्यातलं वरचं वर्तमानपत्र शब्दकोडं सोडवायला उचलतो. पान गुळगुळीत असतं. एकदा भिजलेला कागद वाळला तरी सुरकुतलेला राहतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्या क्षणी आठवत नाही.

तेव्हा महत्त्वाची वस्तू वाक्याच्या शेवटी ठेवू नका, वाक्याचा शेवट वाचकाच्या कानात घुमतो. परिच्छेदाच्या शेवटी तर मुळीच नको. तिच्यामागे लगेच काहीतरी घडू द्या, एखादा प्रश्न, एखादं भांडण. आणि खोटा धागा पेरताना त्याचाही हिशेब शेवटी मिटवा. माळ्याने पुरलेली पेटी खुनाशी संबंधित नसेल तर तिच्यात काय होतं हे तरी कळू द्या.

प्रेताशी खोटं बोलू नका

दुसऱ्या पुस्तकात मी प्रेत तासाभरात ताठ केलं. एका परिचारिका बाईंचं पत्र आलं. अत्यंत नम्र पत्र, म्हणून जास्त लागलं. मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण दोन ते चार तासांनी पापण्या, जबडा, मान इथून जाणवायला लागतो, पूर्ण शरीर ताठ व्हायला बारा तासांच्या आसपास लागतात आणि पुढे तो हळूहळू उतरतो. उकाड्यात हे सगळं लवकर, थंडीत उशिरा. त्यामुळे "मृत्यू बरोबर ९.१२ ला झाला" असं प्रेत पाहून सांगणारा डॉक्टर कागदावरच भेटतो. खरा डॉक्टर "सात ते दहाच्या दरम्यान" म्हणतो, आणि लेखकाला हेच सोयीचं आहे. त्या तीन तासांत किती जणांना संशयित करता येतं!

अशाच आणखी दोन थापा. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला की माणूस क्षणात कोसळत नाही, त्याला मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तो धडपडत असतो. सायलेन्सर लावलेलं पिस्तूलही नुसतं 'फुस्स' करत नाही, शेजारच्या खोलीत ऐकू जाण्याइतका आवाज होतो.

तज्ज्ञाला विचारताना "खुनाबद्दल माहिती द्याल का" असं मोघम विचारू नका, तो घाबरेल किंवा तासभर बोलेल. "बंद खोली, पंखा चालू, मृत्यू सातला, दहाला कोणी हात उचलला तर काय जाणवेल?" असं विचारा. मी पत्र लिहिणाऱ्या त्या बाईंनाच आता असे प्रश्न पाठवते. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त केली, हेही त्यांना कळवलं.

प्रकाशकापासून लपवायचं काही नाही

हस्तलिखितासोबत पानभराचा सारांश मागतात. त्यात नवे लेखक हमखास लिहितात, "…आणि मग जे सत्य समोर येतं ते जाणून घेण्यासाठी पुस्तकच वाचा." असं लिहू नका. प्रकाशक गिऱ्हाईक नाही. खुनी कोण, का, कसा आणि तो कशामुळे सापडतो हे सारांशात स्पष्ट हवं. शेवट जमलाय की नाही यावरच रहस्यकादंबरी घ्यायची की नाही हे ठरतं.

पाठवण्याआधी त्या प्रकाशनाची निदान दोन पुस्तकं वाचा. वर्षाला जेमतेम पाच-सहा पुस्तकं काढणाऱ्याची आवड ठाम असते. जिथे सगळी शांत, मनोविश्लेषक रहस्यं निघतात तिथे साखळी-खुनांचा रक्तपात पाठवून दोघांचाही वेळ जातो. उत्तराला महिने लागतात. तेवढ्यात पुढचा तक्ता आखायला घ्या. आणि छापण्यासाठी कोणी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तो छपाईची सेवा विकतोय, तुमच्या पुस्तकावर स्वतःचे पैसे लावत नाही. तसं करायला हरकत नाही, पण दोन्हींत गल्लत नको.

करार हाती आला की माझ्यातली तपासनीस जागी होते. रॉयल्टी किती टक्के हे सगळे बघतात, कशाच्या टक्के हे कोणी बघत नाही. छापील किमतीवर दहा टक्के आणि विक्रेत्याची सूट वजा जाता हाती आलेल्या रकमेवर दहा टक्के, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विक्रेता निम्मी सूट घेत असेल तर दुसऱ्या प्रकारात तुमचे पैसे सरळ अर्धे होतात. हिशेब वर्षातून कधी मिळणार याची तारीख लिहून घ्या. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट-मालिका हे सगळे हक्क वेगवेगळे आहेत. जो प्रकाशक श्राव्य पुस्तकं काढतच नाही त्याला तो हक्क कशाला द्यायचा, हे शांतपणे विचारा. भल्या माणसाला याचा राग येत नाही.

रहस्यकथेत दोन कलमं जास्तीची महत्त्वाची. एक, तुमच्या तपासकर्त्या पात्रावर हक्क कोणाचा. मालिका चालली तर खरी मिळकत ते पात्र आहे, ते तुमच्याच नावावर राहिलं पाहिजे. दुसरं, पुढचं पुस्तक आधी यांनाच दाखवण्याची अट. ती असायला हरकत नाही, पण किती दिवसांत उत्तर द्यायचं ते त्यात हवं, नाहीतर तुम्ही लटकत राहाल. आणि हक्क परत कधी मिळतील? "पुस्तक छपाईबाह्य झाल्यावर" एवढंच असेल तर सावध व्हा. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते तेव्हा पुस्तक कधीच छपाईबाह्य होत नाही. "सलग बारा महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी खपली तर" अशी आकड्यातली अट मागून घ्या.

प्रुफं आणि इतर अपघात

एका पात्राचं नाव राम होतं, ते शेवटच्या घटकेला सुधीर करायचं ठरलं. मी संगणकाला सांगितलं, सगळीकडे बदल. प्रुफात निरीक्षकांनी जेवणानंतर थोडा 'आसुधीर' केला आणि खुन्याला 'हसुधीरखोर' अशी शिवी घातली. तेव्हापासून नावं हाताने, एकेक करून बदलते. प्रुफं कागदावरच वाचा. एकदा फक्त वेळा, तारखा आणि वार तपासण्यासाठी वाचा, गोष्ट न वाचता.

पानं सोळाच्या फॉर्मात छापतात. माझं पुस्तक २४२ पानांचं झालं. पंधरा फॉर्म म्हणजे २४०. दोन पानांसाठी सोळावा फॉर्म कोण लावणार? "दोन पानं कापा," संपादक म्हणाले. मी निरीक्षकाचं शेवटचं भाषण कापलं. आता ते सव्वा पानाचं आहे आणि कोणालाही त्यातलं काही हरवल्यासारखं वाटलेलं नाही.

मुखपृष्ठाच्या चित्रकाराला कोणीतरी एवढंच सांगितलं होतं : पाऊस, कोट, खून. त्याने खुंटीला टांगलेला, थेंब थेंब निथळणारा कोट काढला. चित्र फार सुंदर होतं. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले आणि मग प्रकाशकांना फोन केला. शेवटी खिडकीच्या काचेवरच्या पावसावर भागलं. मलपृष्ठावरचा मजकूरही स्वतः वाचा. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या मजकुरात "दुसऱ्या मृत्यूने हादरलेल्या" असे शब्द आले होते, आणि दुसरा मृत्यू पान १३८ वर होता. पहिल्या पन्नास पानांपलीकडचं काहीही मलपृष्ठावर नको, हा नियम आता आमच्यात ठरला आहे.

सध्या भिंतीवर तिसऱ्या पुस्तकाचा तक्ता आहे. चौथ्या रकान्यात अजून दोन घरं रिकामी आहेत. परवा प्रकाशकांना सांगितलं, महिना लागेल.

"पाऊस आहे का यात?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळं उन्हाळ्यात घडतं."