कुलाब्यात हॉटेल घेताना: आधी खिडकी, मग भाडं

तारखा, माणसं आणि बजेट ठरलंय असं धरून पुढे बोलू. 'गेटवेपासून पाच मिनिटं' या जाहिरातीला भुलू नका. रीगल सिनेमापासून रेडिओ क्लबपर्यंतचा भाग चालत दहा-बारा मिनिटांत संपतो, त्यामुळे हा दावा इथल्या बहुतेक हॉटेलांच्या बाबतीत खराच असतो. तेवढ्यावरून हॉटेल निवडता येत नाही.

आधी गल्ली ठरवा. कॉजवेवर, म्हणजे शहीद भगतसिंग मार्गावर, तोंड असलेली खोली नको. खाली फेरीवाले, रात्री उशिरापर्यंत टॅक्सीचे हॉर्न आणि पहाटे पुन्हा बस. कॉजवे आणि समुद्र यांच्यामधल्या आडव्या गल्ल्या राहायला सगळ्यात बऱ्या. दक्षिणेकडे ससून डॉकच्या जवळ भाडं उतरतं, त्याला कारण आहे. 1875 पासूनचा तो धक्का आजही चालू आहे. पहाटे मासळी उतरते, लिलाव होतो, ट्रक लागतात आणि वारा त्या बाजूचा असेल तर वास खोलीत येतो. जून-जुलैत मासेमारी बंदी असल्याने हा त्रास कमी असतो.

समुद्रासमोरच्या खोलीला जादा पैसे मोजण्याआधी एक लक्षात घ्या: गेटवेची बाजू पूर्वेची आहे. तिथून सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही. सूर्यास्तासाठी मरीन ड्राइव्हला जावं लागेल. 'थोडा समुद्र दिसतो' याचा अर्थ बहुधा खिडकीतून मान बाहेर काढली तर दिसतो, एवढाच.

आता खरी अडचण. इथली स्वस्त आणि मध्यम हॉटेलं जुन्या इमारतींच्या एक-दोन मजल्यांवर थाटलेली असतात. खाली दुकान, तिसऱ्या मजल्यावर रिसेप्शन. उंच छताच्या मोठ्या खोलीचे प्लायवूडचे पार्टिशन घालून तीन-चार तुकडे केलेले असतात. मूळ खोलीची खिडकी त्यातल्या एकाच तुकड्याच्या वाट्याला येते. बाकीच्या खोल्यांना खिडकी नसते, किंवा असते ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद पोकळीत, उघडते. तिथून समोरच्या न्हाणीघराचा आवाज आणि खालच्या स्वयंपाकघराचा वास येतो. फोटोत मात्र पडदा छान लावलेला दिसतो. पडद्यामागे भिंत आहे हे कळायला तो सरकवावाच लागतो.

उन्हाळ्यात एसी लावून असली खोली एक रात्र कशीबशी निभते, पण पावसाळ्यात ती मुळीच घेऊ नये. हवेत मीठ आणि ओल दोन्ही. वारा खेळत नसेल तर भिंतीला पोपडे धरतात, गादी कुबट होते, चादरी दमट लागतात. उदबत्तीचा किंवा रूम फ्रेशनरचा वास प्रमाणाबाहेर आला की समजा, काहीतरी झाकलंय.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करा. ॲपवरची 'डिलक्स', 'सुपीरियर' ही नावं काही सांगत नाहीत. चार प्रश्न विचारा. खिडकी कुठे उघडते: रस्त्यावर, मागच्या चौकात की डक्टमध्ये? मधली भिंत विटांची आहे की प्लायची आणि ती छतापर्यंत जाते का? रिसेप्शन कितव्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट सामानासकट रात्रीही चालते का? जाळीच्या जुन्या लिफ्टवर बरेचदा 'बंद'ची पाटी लटकते. आईवडील बरोबर असतील तर हा प्रश्न पहिला. बाथरूम खोलीतच आहे की पॅसेजमध्ये?

मग त्याच खोलीचा व्हिडिओ मागा: दारातून सुरुवात, खिडकी उघडून बाहेरचं दृश्य, शेवटी बाथरूम. खोली क्रमांक लिहून घ्या. 'आल्यावर बघू, सगळ्या खोल्या सारख्याच' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. जुन्या इमारतीत दोन खोल्या सारख्या नसतात. रिव्ह्यू वाचायचे तर जून ते सप्टेंबरमध्ये राहिलेल्यांचेच वाचा. डिसेंबरात सगळी हॉटेलं बरी वाटतात.

पोचल्यावर पैसे देण्याआधी खोली बघा. पडदा सरकवा, मधली भिंत ठोका, गादीचा कोपरा उचलून वास घ्या, गीझर चालू करा. जिना लाकडी असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का ते बघा. लाजू नका.

बाकीचं थोडक्यात. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, त्यावरच्या खोलीवर 18. सांगितलेला दर करासह आहे का ते विचारा. मुंबईचाच पत्ता असलेलं ओळखपत्र काही हॉटेलं नाकारतात. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक येणार असतील तर परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद ('फॉर्म सी' म्हणतात ती) करता का, हे आधीच विचारा. बरीच छोटी हॉटेलं ती कटकट नको म्हणून खोलीच देत नाहीत. कोल्हापूर-नागपूरकडच्या रात्रीच्या गाड्या सकाळीच सीएसएमटीला पोचतात आणि चेक-इन दुपारी 12 नंतरचं असतं. 24 तासांचा हिशोब असलेलं हॉटेल शोधा, नाहीतर निदान सामान ठेवू देणारं. या भागात रिक्षा येत नाही. टॅक्सी, बेस्टची बस किंवा मेट्रो 3. जवळची स्थानकं हुतात्मा चौक आणि विधान भवन, पण तिथून गेटवेकडे चालावं लागतं.

काळा घोडा महोत्सव जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. त्या दिवसांत आणि 31 डिसेंबरला दर चढतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा केवळ त्यासाठी रविवारची रात्र कुलाब्यात काढू नका. पावसाळ्यात गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचही बंद असतात. अलिबागला जायचं असेल तर गाड्याही नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते आणि मग हॉटेल कुलाब्यापेक्षा सीएसएमटीच्या बाजूला घेतलेलं सोयीचं.