पोलो जीटीला नवी अलॉय घेताना आधी माप, मग डिझाइन

चाकणच्या कारखान्यात फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण तिची टर्बो पेट्रोल आवृत्ती जीटी टीएसआय बाळगणारे अजून ती विकायला तयार नाहीत. मूळ अलॉय (मिश्रधातूची) चाकं मात्र खड्ड्यांत वाकतात, कडा खरवडतात आणि एक दिवस नवी बघावी लागतात. दुकानात नजर थेट डिझाइनवर जाते. तिला जरा आवरा आणि मापाने सुरुवात करा.

पहिलं माप पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. पोलोचा ५×१००, तर जेट्टाचा ५×११२. जुनी चाकं घेत असाल तर 'फोक्सवॅगनचीच आहेत' एवढ्यावर भागत नाही. पाच भोकांत एकासमोर एक भोक येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ५८.८ मिमी आलं तर १००चा पीसीडी, ६५.८ आलं तर ११२चा.

मग मधलं मोठं भोक बघा. पोलोच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, ५७.१ मिमी लागतं. बाजारातल्या चाकांचं भोक बरेचदा याहून मोठं असतं. मधली फट भरणारी रिंग मागून घ्या, नाहीतर महामार्गावर स्टिअरिंग थरथरू शकतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी ते जात नाही.

चाकाच्या मागे रुंदी आणि ऑफसेट कोरलेले असतात; ऑफसेट म्हणजे चाक हबला टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे. समजा ६जे ईटी३८ (६ इंच रुंदी, ३८ मिमी ऑफसेट) काढून ७जे ईटी३५ लावलं. चाक बाहेर जवळजवळ १६ मिमी सरकतं, आत सस्पेन्शनकडे जवळजवळ १० मिमी. म्हणून पैसे देण्याआधी एक चाक चढवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, मागे माणसं बसवून फेंडरला घासतं का तेही पाहा.

आता व्यास. खरी चूक इथेच होते. सुरुवातीच्या जीटीला १८५/६० आर१५ टायर होते, म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के आणि चाक १५ इंची. त्यांच्या भिंतीची उंची १११ मिमी. १७ इंची चाकावर २०५/४५ चढवला तर भिंत उरते ९२ मिमी, म्हणजे खड्ड्याचा दणका झेलणारं १९ मिमी रबर तुम्ही पैसे देऊन घालवता. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा अशा रिमला सोडत नाही. कंपनीने नंतरच्या जीटीला १९५/५५ आर१६ दिले. त्यात भिंत १०७ मिमी राहते, पण ते जुन्या जीटीला लावले तर एकूण व्यास ३ टक्के वाढतो आणि काटा त्याच वेगाला आधीपेक्षा थोडा कमी दाखवायला लागतो. २०५/५० आर१६ मध्ये ही वाढ दीड टक्क्याच्या आत राहते. आपल्या रस्त्यांवर मी १६ च्या पुढे जाणार नाही, १७ कितीही देखणं दिसलं तरी.

चाक हातात उचलून वजन बघा, शक्य असेल तर काट्यावर ठेवा. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की गाडी खड्ड्यात जास्त आपटते आणि उचलही मंदावते. फ्लो फॉर्म्ड (ओतल्यावर रिम रोलरने दाबून ताणलेलं) चाक साध्या ओतीव चाकापेक्षा सहसा हलकं असतं, किंमत अर्थात जास्त. मागे कोरलेली भारक्षमता टायरच्या भारांकाशी ताडून बघा: ८४ म्हणजे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. भारक्षमता कोरलेलीच नसेल तर ते चाक घेऊ नका.

शेवटी बोल्ट, ज्यांचा विचार दुकानदारही सहसा करत नाही. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुतेकदा शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत नीट टेकत नाही आणि चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. नव्या चाकांना जुळणारे बोल्ट घ्या, ते १२० न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्यानेच आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मूळ बोल्ट टाकू नका. स्टेपनीच्या लोखंडी चाकाला तेच लागतात, म्हणून त्यातले पाच डिकीत जॅकशेजारी ठेवून द्या.