कॅपिलरी मॅटवर रोपं वाढवताना: रोपवाटिकेत नव्याने आलेल्यांसाठी

झारीने पाणी घातलं की ट्रेच्या कडेचे कप्पे कोरडे राहतात आणि मधले चिंब होतात. कॅपिलरी मॅट म्हणजे पाणी शोषून सगळीकडे पसरवणारी चटई. तिच्यावर ठेवलेला ट्रे खालून पाणी ओढतो, पानं कोरडी राहतात. मात्र मांडणी चुकली तर मॅट काहीच करत नाही.

टेबल सपाट आहे का ते आधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा. एक कोपरा जरी खाली असला तरी तिथली रोपं कुजतात, वरची सुकतात. टेबलावर जाड प्लॅस्टिक, त्यावर मॅट. मॅटची कड टेबलाखाली लोंबू देऊ नका. त्या कडेवरून पाणी ठिबकत राहतं आणि सगळी मॅट रिकामी होते. फक्त एक टोक टाकीत बुडालेलं हवं. टाकीतली पातळी मॅटपेक्षा 5 सेंटीमीटरहून खाली गेली की पाण्याचा ओढा मंदावतो.

कोरडी मॅट पाणी चढवत नाही, म्हणून ती आधी पूर्ण भिजवून घ्या. ट्रेलाही पहिलं पाणी वरूनच, बारीक झारीने, तळाच्या छिद्रातून थेंब पडेपर्यंत द्या. मग ट्रे मॅटवर ठेवून हलका दाबा. कप्प्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) छिद्रातून मॅटला टेकलं तरच पाणी वर चढतं. कप्पा अर्धवट भरला असेल किंवा ट्रेच्या कडेमुळे तळ अधांतरी राहिला असेल, तर शेजारचं रोप तरतरीत आणि हे मलूल, असं दिसतं. मिरचीच्या 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये हे चटकन लक्षात येतं.

मॅट चोवीस तास ओली ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कोकोपीटमधली हवा संपते, मर रोग येतो आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. मॅटमधल्या पाण्यातून हा रोग शेजारच्या ट्रेमध्येही पोहोचतो. टाकीतलं टोक अधूनमधून बाहेर काढून वाफसा (ओलावा राहून हवाही खेळेल अशी स्थिती) येऊ द्या. ओलावा डोळ्याने ठरवू नका, ट्रे उचलून वजनाने ठरवा. हात आठवड्याभरात सरावतो.

पाणी फक्त वर चढत राहिल्याने क्षार वरच्या थरात साचतात. बोअरचं पाणी जड असेल तर कोकोपीटवर पांढरी साय दिसते. आठवड्यातून एकदा वरून भरपूर पाणी देऊन ती खाली धुऊन काढा, पण त्या वेळी ट्रे मॅटवरून उचलून घ्या, नाहीतर तेच क्षार पुन्हा मॅटमध्ये शिरतील.

शेवाळासाठी मॅटवर बारीक छिद्रांचा काळा प्लॅस्टिक कागद अंथरावा. ट्रे दोन दिवसांआड उचलून फिरवला नाही तर मुळं मॅटमध्ये घुसतात आणि काढताना तुटतात. लागवडीच्या चार-पाच दिवस आधी ट्रे मॅटवरून काढून जाळीच्या रॅकवर ठेवा, खालून हवा लागू द्या आणि पाणी कमी करा.