स्क्रीन पुसली की स्प्राइट का बिघडतात?

कमोडोर 64 (1980 च्या दशकातला घरगुती संगणक) वर स्क्रीन पुसायचं लूप चालवलं की स्प्राइटच्या (स्क्रीनवर हलवता येणाऱ्या छोट्या चित्राच्या) जागी कचरा दिसायचा. स्क्रीनचे खण 1000, मेमरीतले त्यांचे पत्ते 1024 ते 2023. एक्स रजिस्टर (प्रोसेसरमधला मोजणीचा खण) 8 बिटचं, 0 ते 255 च मोजतं, म्हणून 256 चे चार तुकडे केले होते. ते 2047 पर्यंत जातात, आणि 2040 पासून तर स्प्राइट पॉइंटर (चित्र मेमरीत कुठे आहे ते सांगणारे आकडे; आकडा × 64 = पत्ता) बसलेत! तिथे 32 (स्पेसचा कोड) पडला की चित्र 32 × 64 = 2048 पासून, चक्क बेसिक प्रोग्रॅममधून उचललं जातं.

250 चे तुकडे केले, प्रश्न मिटला. असेंब्ली भाषेत असं (एलडीए आणि एलडीएक्स आकडा भरतात, एसटीए 1023,एक्स म्हणजे 1023 + एक्स या पत्त्यावर लिही, डीईएक्स एक्समधून 1 वजा करतं, बीएनई उत्तर 0 नसेल तर मागे उडी मारतं):

एलडीए #32
एलडीएक्स #250
पुसा: एसटीए 1023,एक्स
एसटीए 1273,एक्स
एसटीए 1523,एक्स
एसटीए 1773,एक्स
डीईएक्स
बीएनई पुसा
आरटीएस

1023 च हवा. एक्स 0 झाला की बीएनई मागे उडी मारत नाही, त्यामुळे 1024 लिहिलंत तर पहिला खण पुसायचा राहतो.