हिवाळी स्टीलहेड: आधी नदीचा आकडा, मग गळ

सिएटल परिसरातले आपले बरेच लोक हिवाळ्यात मला एकच प्रश्न विचारतात: स्टीलहेड माशासाठी रॉड कोणता घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. रॉड नंतर, आधी नदीची पातळी बघायला शिका. महागडं सामान घेऊन गढूळ पुरात उभं राहणाऱ्याला दिवसभर काही मिळत नाही. बरोबर दिवस निवडणाऱ्याला साध्या सामानावरही संधी मिळते.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. वॉशिंग्टन राज्याचा हा राज्य-मासा. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, तसं याचं नाही. काही स्टीलहेड परत समुद्रात जातात आणि पुन्हा नदीत येतात. हिवाळी मासा साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये वर चढतो. सिएटलच्या पश्चिमेकडच्या ऑलिंपिक द्वीपकल्पात डिसेंबर-जानेवारीत फोर्क्स गावाजवळ बोगाशील नदीत हॅचरीचे, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेले, मासे येतात. मोठे रानटी, म्हणजे नदीतच जन्मलेले, मासे मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात.

आता पातळी. फोर्क्सला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ आपल्या कोकणाइतका, पण त्याचा जोर असतो हिवाळ्यात. एक वादळ आलं की नद्या काही तासांत चढतात. इथल्या नद्यांचे मापक इंटरनेटवर दिसतात आणि आकडे असतात क्युसेकमध्ये. कोयनेचा विसर्ग बातम्यांत ऐकत मोठे झालेल्यांना हे एकक नवं नाही. नुसता आकडा पुरेसा नाही, आलेखाची रेघ वर चाललीय की खाली ते बघा. चढत्या पाण्यात पाचोळा आणि ओंडके वाहतात, मासा कडेला दबून बसतो. पूर येऊन गेला, पातळी उतरू लागली आणि पाणी तपकिरीवरून हिरवट झालं की निघायचं. गुडघाभर पाण्यात स्वतःचे बूट जेमतेम दिसतात, तो रंग सगळ्यात चांगला. फार नितळ पाण्यात मासा बुजतो.

प्रत्येक नदीचा उतरण्याचा वेग वेगळा. सोल डक नदी सगळ्यात आधी निवळते, म्हणून पावसानंतर माझी पहिली पसंती तिला. बोगाशील त्यानंतर. होह नदी माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांमधून येते, तिच्यात राखाडी गाळ असतो आणि ती निवळायला वेळ घेते. होहसाठी पावसासोबत डोंगरावरची गोठणरेषाही, म्हणजे कोणत्या उंचीवर पाणी गोठतं तेही, बघा. थंडी वाढून वर पावसाऐवजी बर्फ पडू लागला की खाली नदी झपाट्याने सुधारते. सिएटलहून फोर्क्स गाडीने चार तासांच्या आसपास आहे. तेव्हा आदल्या रात्री आकडा बघा आणि पहाटे निघताना पुन्हा बघा.

नियमांकडे डोळेझाक करू नका. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि स्टीलहेडसाठी त्यासोबत पकडलेला मासा लिहायचं नोंदपत्रही. हंगामाची छापील पुस्तिका पुरेशी नाही, कारण तातडीचे बदल मधेच जाहीर होतात. १ मार्च २०२२ला माशांचं प्रमाण कमी आहे म्हणून किनाऱ्यावरच्या नद्या स्टीलहेडसाठी मुदतीआधीच बंद झाल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी खरं आमिष चालत नाही, गळ एकच टोकाचा आणि उलट्या काट्याशिवाय लागतो, काही पट्ट्यांत बोटीतून मासेमारी बंद असते. ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या हद्दीत वेगळे नियम आणि आदिवासींच्या राखीव जमिनीवर त्यांची परवानगी. १९७४च्या बोल्ट निकालाने, म्हणजे न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने, सरकारशी जुने करार असलेल्या मूळ रहिवासी जमातींना पकडण्याजोग्या माशांत निम्मा वाटा मान्य केला. नदीत त्यांची जाळी दिसली तर नाराज व्हायचं कारण नाही, तो त्यांचा हक्क आहे.

सामान थोडक्यात सांगतो. नऊ ते साडेदहा फुटांचा, टोकाला नरम आणि बुडाला ताकदवान रॉड. तीन-चार हजार आकाराचं, गुळगुळीत ड्रॅगचं (मासा ओढेल तशी दोरी सोडणाऱ्या ब्रेकचं) स्पिनिंग रील. त्यावर तीस पौंडांची विणलेली दोरी, कारण ती पाण्यावर तरंगते. खाली दहा-बारा पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा पाण्यात सहज न दिसणारा दोरा, दोन फुटांच्या आसपास. मधे सरकता फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), त्याची खोली ठरवणारी गाठ, खाली वजन, स्विव्हल (दोरीला पीळ न पडू देणारी फिरती कडी) आणि टोकाला एक अष्टमांश औंसाचं जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला सजवलेला गळ. रंग गुलाबी घ्या. गढूळात गडद, नितळात फिका आणि आकाराने लहान. नवशिक्याने चमच्यासारखी धातूची आमिषं आणि तळावर शिसं उडवत नेण्याची पद्धत नंतर शिकावी, कारण फ्लोट डोळ्यांसमोर असतो आणि तोच पाणी वाचायला शिकवतो.

मासा उभा कुठे असतो, हा खरा अभ्यास. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांचं असतं. मासा ताकद वाचवतो, म्हणून ऐन धारेत थांबत नाही आणि साचल्या पाण्यातही नाही. माणूस सावकाश चालतो त्या वेगाचं, तीन ते सहा फूट खोल पाणी शोधा. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे भेटतात तिथे पृष्ठभागावर एक स्पष्ट रेघ दिसते, तिच्या संथ बाजूला मासा असतो. बुडालेल्या मोठ्या दगडाच्या पुढे-मागे असतो. डोह संपून खळाळ सुरू होण्याआधी पाणी उथळ आणि गुळगुळीत होतं, तिथे खालचा खळाळ चढून आलेला मासा दमून थांबतो. या जागेवरून लोक सरळ चालत पुढच्या खोल डोहाकडे जातात, आणि नेमका मासा त्यांच्या पायांखालून पळतो. पाण्यात उतरण्याआधी काठाजवळच्या पाण्यात गळ टाकून बघा. पातळी जास्त असेल तर मासा काठाला येतो, कमी असेल तर खोलात जातो.

पहिल्यांदा वरच्या अंगाला टाका. जिग तळापासून एक फूट वर राहील अशी खोली धरा. जिग कधीच तळाला अडखळत नसेल तर तुम्ही उथळ टाकताय, सारखा अडखळत असेल तर खोल. दोरीला पोट आलं की फ्लोट ओढला जातो आणि जिग अनैसर्गिक वाहतं, म्हणून रॉड उंच धरून दोरी उचलून वरच्या बाजूला ठेवा. एका रेषेवर काही फेऱ्या, मग एक हात पुढची रेष, असं पाणी चाळत जा. फ्लोट बुडाला की विचार करू नका, मनगटाने खंबीर झटका द्या.

लागला की घाई नको. त्याला पळू द्या, रॉडचा कोन बदलत राहा आणि त्याला संथ पाण्यात आणा. आता बघा पाठीवर शेपटीआधीचा छोटा मांसल पर. तो शाबूत असेल तर मासा रानटी, तो सोडायचाच. कापलेल्या जागी भरलेला व्रण असेल तर हॅचरीचा. रानटी मासा पाण्याबाहेर पूर्ण काढणंही वॉशिंग्टनमध्ये बेकायदा आहे. गाठी नसलेली रबरी जाळी वापरा, ओल्या हाताने शेपटीचा देठ धरा, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. फोटो पाण्यातच काढा. त्याने समुद्रात दोन-तीन वर्षं काढून ही वाट गाठलेली असते. पुजेट साउंड, म्हणजे सिएटलजवळची समुद्राची खाडी, तिथले स्टीलहेड २००७पासून संकटग्रस्त यादीत आहेत, प्रत्येक वाचलेल्या मादीला किंमत आहे. मार्चनंतर उथळ पाण्यात खडीचे स्वच्छ, फिकट पट्टे दिसले तर तिथे पाऊल टाकू नका, ती अंड्यांची घरटी आहेत.

स्वतःलाही जपा. वेडर्सला, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखाला, कमरेचा पट्टा घट्ट बांधा, काठी वापरा, आत लोकर घाला, सुती कपडा नको. पडलेल्या झाडांच्या वरच्या अंगाला कधी उतरू नका, प्रवाह माणसाला फांद्यांत अडकवतो. फोर्क्सच्या पुढे फोनला रेंज मिळेलच असं नाही, कुठे चाललात ते घरी सांगून निघा.

नद्या आठवडाभर गढूळ राहिल्या तर पुजेट साउंडच्या ज्या भागात परवानगी असेल तिथे बोटीतून ब्लॅकमाउथ, म्हणजे कोवळे चिनूक सॅमन, पकडता येतात. त्याचं तंत्र वेगळं.

हॅचरीचा मासा मिळाला आणि ठेवण्याची मुभा असेल तर ठेवा. तो नदीत राहून रानट्यांत मिसळू नये, हेही बरंच. आधी जागच्या जागी शाईने नोंदपत्रावर लिहा. मग डोक्यावर एक नेमका फटका, कल्ला कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. घरी हळद, मीठ, तिखट आणि कोकम आगळ लावून अर्धा तास मुरवा, तांदळाच्या पिठात घोळवा आणि मध्यम आचेवर तव्यावर परता. सुरमईपेक्षा हा लवकर शिजतो, म्हणून कातडीची बाजू आधी खाली ठेवा आणि मधला भाग जरा ओलसर असतानाच उतरवा.