कॅन्सरचा धोका कमी करायचा तर स्वयंपाकघरात सुरुवात कुठून करावी?

कारल्याचा रस, गव्हांकुर, लिंबू पिळलेलं गरम पाणी... कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून फोनवर रोज काही ना काही येतंच. यातला कुठलाही पदार्थ एकट्याने कॅन्सर रोखतो याला पुरावा नाही. रोजच्या खाण्यापिण्याचा मात्र काही कॅन्सरशी, विशेषतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी, संबंध आहे हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. म्हणून माझं सांगणं असं की, नवीन काही विकत आणण्याआधी घरातलं काही बाहेर काढा. जास्त फायदा त्यात आहे आणि पैसे लागत नाहीत.

१. जेवणानंतरची सुपारी बंद करा

तंबाखू, मिश्री, गुटखा घातक आहेत हे आता सगळ्यांना माहीत आहे. सुपारीला मात्र आपण अजून निरुपद्रवी समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, म्हणजे तंबाखू अजिबात नसताना, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्याबद्दल पुरावा पक्का आहे अशांत, घातलं. सुगंधी सुपारीची पुडी लहान मुलांच्या हातात देणं तर आजपासूनच थांबवा. तिच्या जागी भाजलेली बडीशेप, तीळ, जवस आणि ओवा किंचित सैंधव लावून बरणीत भरून ठेवा. चार दिवसांत सवय होते.

घरात कुणी वर्षानुवर्षं सुपारी खात असेल तर त्यांना तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत घालून पाहायला सांगा. जात नसतील, किंवा साधं तिखटही तोंडाला झोंबत असेल, तर दंतवैद्याला दाखवायला उशीर करू नका.

२. पेयांकडे बघा

दारूही त्याच पहिल्या गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. थोडी घेतली तर चालते असं म्हणण्याजोगं सुरक्षित प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. वाइनही त्यात आलीच. पाहुण्यांपुढे ठेवायला ताक, सोलकढी, कमी साखरेचं कोकम सरबत आपल्याकडे आहेच.

चहा सोडायची गरज नाही, पण उकळता पिऊ नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत प्यायल्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बहुधा वाढतो. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, नाहीतर सरळ बशीत ओतून प्या.

३. शेंगदाणे निवडून घ्या

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण दाण्याच्या कुटाचा डबा नाही असं मराठी घर विरळाच. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर एक बुरशी वाढते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यात हा धोका कित्येक पटींनी वाढतो. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून दाणे भाजण्याआधीच निवडावे लागतात.

ताटात दाणे पसरा आणि उजेडात बसा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी भुकटी धरलेले आणि कीड लागलेले दाणे वेगळे काढा. ते गुरांना किंवा पाखरांनाही घालू नका, कचऱ्यातच टाका. मग भाजा, सालं पाखडा आणि पुन्हा एकदा नजर फिरवा, कारण आतला डाग साल निघाल्यावरच दिसतो. खाताना एखादा दाणा कडू किंवा खवट लागला तर गिळू नका, थुंकून टाका. बाजारातला तयार कूट घेऊ नका. तो कसल्या दाण्यांचा आहे हे कळायला मार्ग नसतो. घरी आठवड्यापुरताच करा आणि पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा. सुकं खोबरं आणि लाल मिरच्यांवर बुरशी दिसली तर तेही खरवडून वापरू नका.

४. ताट बदला, एकेक वाढप करून

१०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनच्या आसपास. हे तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न. ते खाऊन जिवाणू जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. रात्रीच्या भाताऐवजी भाकरी, एवढाच बदल आधी करा. दळण थोडं थोडं आणा, कारण जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते आणि मग घरातले लोक भाकरीलाच नावं ठेवतात.

भाजीचं प्रमाण मात्र बहुतेक घरांत फारच कमी असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं अशी आहे. वाटीभर भाजीने ती पुरी होत नाही. दोन्ही वेळा भाजी, सोबत कोशिंबीर, आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा पालक, आणि आठवड्यातून तीन-चारदा मटकी-मुगाची उसळ, असं केलं तर आकडा जवळ येतो.

सॉसेज, सलामी, हॅम आणि गोव्याची चोरीस हे टिकवलेलं मांस सणासुदीपुरतंच ठेवा. रोज ५० ग्रॅम टिकवलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मासे, अंडी, कोंबडी यांची अशी भीती नाही. मात्र काहीही कोळशावर काळं होईस्तोवर भाजू नका.

५. हळद फोडणीत राहू द्या, गोळीत नको

हळद आणि लसूण जेवणात जरूर असावेत. कॅप्सूलच्या मागे लागू नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरात असतं तेच बीटा कॅरोटीन गोळीतून दिल्यावर त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला, असं १९९४ मध्ये समोर आलं. अन्नात जे चांगलं तेच गोळीत घातक ठरू शकतं.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी यातलं काहीही स्वतःहून सुरू करू नये. केमोथेरपीच्या काळात वजन टिकवणं आणि प्रथिनं पोटात जाणं आधी महत्त्वाचं असतं. मऊ खिचडी, शिजवलेलं अंडं, घट्ट वरण, पनीर, जे जाईल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. साखर तोडली की गाठ उपाशी मरते असं ऐकून रुग्णाला अर्धपोटी ठेवू नका. कच्चं मोड आलेलं धान्य आणि बाहेरचे रस या काळात टाळा, कारण प्रतिकारशक्ती उतरलेली असते. कुठलाही काढा किंवा चूर्ण देण्याआधी डब्यासकट डॉक्टरांना दाखवा.